सत्तेच्या घरातली रिळं

भिवंडीत मी लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून देतो. माझी नजर वरातीमागे जाते. तिथे यंत्रमागाचे कारखाने, बंद झालेल्या दुकानांच्या पाट्या सापडतात.

म्हणूनच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या गोटातली रिळं मला मोलाची वाटतात. हाल्डमन, एर्लिकमन, चेपिन हे त्यांचे सहकारी हौसेने सुपर-८ हा घरगुती फिल्म कॅमेरा चालवत. एक रीळ जेमतेम तीन मिनिटांचं, तेही मूक. १९७२ च्या चीन दौऱ्यातही हा कॅमेरा सोबत होता. वॉटरगेट घोटाळ्याच्या तपासात एफबीआयने रिळं ताब्यात घेतली. २०१३ मध्ये त्यांतून ‘अवर निक्सन’ हा माहितीपट झाला. सत्तेतली माणसं फावल्या वेळी काय बघत होती, हे कुठल्याही सरकारी फाइलीत मिळत नाही.

आपल्या पुढाऱ्यांच्या माळ्यावरही अशी रिळं असतील, तर ती आधी खाली काढा. कोकणपट्टीच्या दमट हवेत फितीला बुरशी फार लवकर धरते.