अंतराळवीरांची मनगटी घड्याळे

अंतराळवीरांची मनगटी घड्याळे : अवकाशप्रवासात अंतराळवीर मनगटावर किंवा दाबयुक्त पोशाखाच्या बाहीवर बांधतात ती घड्याळे. अवकाशयानाच्या यंत्रफलकावर अचूक कालमापक बसविलेले असतात व भूकेंद्राकडूनही रेडिओद्वारे वेळ कळविली जाते. त्यामुळे मनगटी घड्याळ हे वस्तुतः दुय्यम साधन होय. परंतु यानातील विद्युत् पुरवठा बंद पडल्यास किंवा अंतराळवीर यानाबाहेर पडल्यास तेच एकमेव कालमापक हाताशी उरते. रॉकेट एंजिन किती सेकंद प्रज्वलित ठेवावयाचे, पोशाखातील ऑक्सिजन आणखी किती वेळ पुरेल, यांसारख्या गोष्टी वेळेवरच अवलंबून असल्याने या दुय्यम साधनाला प्रसंगी प्राणरक्षकाचे महत्त्व येते.

पृथ्वीभोवती सु. ९० मिनिटांत एक फेरी पूर्ण करणाऱ्या यानातून २४ तासांत सु. १६ सूर्योदय व तितकेच सूर्यास्त दिसतात. त्यामुळे उजेड व अंधार यांवरून वेळेचा अंदाज करता येत नाही. उड्डाणाच्या क्षणापासून मोजलेला मोहीमकाल किंवा आंतरराष्ट्रीय समन्वित वेळ यांचाच आधार घ्यावा लागतो. काही घड्याळांना बाराऐवजी चोवीस तासांची तबकडी दिलेली असते, ती याच कारणाने.

वजनरहित अवस्थेत घड्याळ चालेल की नाही, ही शंका आरंभी पुष्कळांना वाटत असे. लंबकाचे घड्याळ तेथे निरुपयोगी ठरेल, हे खरे आहे. कारण लंबकाची आंदोलने गुरुत्वाकर्षणामुळे होतात. मनगटी घड्याळात मात्र मुख्य कमानीत साठविलेली स्थितिस्थापक ऊर्जा व केशकमानीमुळे आंदोलित होणारे संतुलन चक्र यांवर सर्व कार्य चालते आणि यांपैकी कशालाही गुरुत्वाची गरज नसते. स्वयंचलित घड्याळात मनगटाच्या हालचालीबरोबर फिरणारा अर्धवर्तुळाकार भार मुख्य कमानीला पीळ देतो. वजन नाहीसे झाले, तरी या भाराचे जडत्व कायम असते. म्हणून हाताच्या झटक्यांनी तोही फिरतो. खरी अडचण निर्वात व तापमान यांची असते. घड्याळाचे कवच बाहेरील दाब सहन करण्यासाठी बनविलेले असते. निर्वातात आतील हवाच काचेला बाहेर ढकलते. वंगणतेलाचे बाष्पीभवन होते. उष्णता वाहून नेण्यास हवा नसल्याने उन्हातील वस्तू अतिशय तापतात व सावलीतील तितक्याच थंड पडतात. काच फुटल्यास तिचे कण यानात तरंगत राहून डोळ्यांत वा फुफ्फुसांत जाण्याचा धोका असतो. म्हणून काचेऐवजी न चुरणारे पारदर्शक प्लॅस्टिक पसंत केले जाते.

मानवापूर्वी घड्याळ अवकाशात गेले ते एका कुत्रीच्या पायावर. ९ मार्च १९६१ रोजी सोव्हिएट संघाने सोडलेल्या यानातील चेर्नूश्का या कुत्रीच्या पायाला एका वैद्यकीय संशोधकाने आपले पोब्येदा बनावटीचे घड्याळ बांधले होते व ते सुखरूप परत आले. १२ एप्रिल १९६१ रोजी यूरी गागारिन यांनी पहिले मानवी उड्डाण केले, तेव्हा त्यांच्या मनगटावर मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यात तयार झालेले श्तुर्मान्स्किये हे घड्याळ होते. ते सोव्हिएट वैमानिकांना दिले जाणारे नेहमीचेच घड्याळ होते, अवकाशासाठी खास बनविलेले नव्हते. अलेक्सेई लिओनोव्ह यांनी १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पडून पहिली अवकाशफेरी केली, त्या वेळी त्यांच्याजवळ त्याच कारखान्याचे स्त्रेला हे घड्याळ होते.

अमेरिकेतही आरंभी निवड ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडलेली होती. २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जॉन ग्लेन यांनी पोशाखाच्या बाहीवर हॉयर कंपनीचे स्टॉपवॉच बांधले होते. त्याच वर्षी २४ मे रोजी स्कॉट कार्पेंटर यांनी स्वतः सुचविलेली चोवीस तासांची तबकडी असलेले ब्राइटलिंग घड्याळ वापरले. ते अवकाशात नीट चालले, पण यान समुद्रात उतरल्यावर खाऱ्या पाण्याने निकामी झाले. ३ ऑक्टोबर १९६२ रोजी वॉल्टर शिरा यांनी स्वतःचे ओमेगा स्पीडमास्टर नेले. हे घड्याळ १९५७ मध्ये मोटारशर्यतींसाठी बाजारात आले होते. १५–१६ मे १९६३ च्या उड्डाणात गॉर्डन कूपर यांच्या यानाची स्वयंनियंत्रण यंत्रणा अखेरीस बिघडली. तेव्हा खिडकीतून यानाची दिशा साधून व मनगटी घड्याळाच्या साहाय्याने वेळ मोजून त्यांनी गतिरोधक रॉकेटे हाताने प्रज्वलित केली.

जेमिनी व अपोलो मोहिमांसाठी मात्र ‘नासा’ या संस्थेने १९६४ मध्ये रीतसर मागणीपत्रे काढली. नासाच्या माणसांनी ह्यूस्टनमधील एका दुकानातून गुपचूप घड्याळे विकत आणली, ही कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती निराधार आहे. मागणीला चार कंपन्यांनी प्रतिसाद दिला. त्यांपैकी हॅमिल्टन कंपनीने खिशातील घड्याळ पाठविल्याने ते बाद झाले व रोलेक्स, लाँजीन आणि ओमेगा यांची घड्याळे अभियंते जेम्स रॅगन यांच्या देखरेखीखाली परीक्षणास घेण्यात आली. घड्याळे ७१° से. तापमानात ४८ तास व नंतर ९३° से.ला अर्धा तास ठेवणे, –१८° से.ला चार तास ठेवणे, निर्वातात आळीपाळीने तापविणे व थंड करणे, ९५ टक्के आर्द्रतेत २४० तास ठेवणे, शुद्ध ऑक्सिजनात ४८ तास ठेवणे, गुरुत्व प्रवेगाच्या ४० पटींचे सहा आघात सहा दिशांनी देणे, कंपने, १३० डेसिबलचा ध्वनी अशी ही एकूण अकरा परीक्षणे होती. रोलेक्स घड्याळ आर्द्रतेत दोनदा बंद पडले व उष्णतेत त्याचा सेकंदकाटा वाकून इतर काट्यांना अडकला. लाँजीनची काच उष्णतेने वाकडी होऊन निघून आली. ओमेगाचे घड्याळही निर्दोष राहिले असे नाही. निर्वात परीक्षणात ते २१ मिनिटे पुढे गेले, प्रवेग परीक्षणात १५ मिनिटे मागे पडले आणि त्याच्या तबकडीचे अंधारात चमकणारे द्रव्य निस्तेज झाले. तथापि सर्व परीक्षणांअखेर ते चालू होते. १ मार्च १९६५ रोजी ते उड्डाणास योग्य ठरविण्यात आले. ३ जून १९६५ रोजी एडवर्ड व्हाइट हे यानाबाहेर पडले, तेव्हा ते त्यांच्या बाहीवर लांब वेल्क्रो पट्ट्याने बांधलेले होते.

जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ चे चांद्रयान उतरल्यावर त्यातील कालमापक नीट चालेना. म्हणून नील आर्मस्ट्राँग यांनी आपले घड्याळ यानातच ठेवले व ते त्याशिवाय खाली उतरले. चंद्राच्या भूमीवर वापरलेले पहिले घड्याळ, म्हणून, त्यांचे नव्हे, तर त्यांच्यामागून उतरलेले एडविन ऑल्ड्रिन यांचे होय. जाहिरातींमुळे याविषयी बराच गैरसमज आहे.

मनगटी घड्याळाची खरी कसोटी अपोलो-१३ मोहिमेत लागली. एप्रिल १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर असताना या यानातील ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला. तिघा अंतराळवीरांनी चांद्रयानाचा आश्रय घेतला व घटमाला वाचविण्यासाठी त्याचे मार्गदर्शक गणकयंत्रही बंद केले. परतीचा मार्ग हळूहळू सपाट होत असून, त्याच मार्गाने यान आल्यास ते वातावरणात शिरण्याऐवजी त्याला चाटून निसटेल, असे भूकेंद्रास आढळून आले. एंजिन १४ सेकंद प्रज्वलित करून मार्ग दुरुस्त करणे आवश्यक होते. अधिक वेळ झाल्यास मार्ग फार तीव्र झाला असता, कमी झाल्यास दोष तसाच राहिला असता. जेम्स लव्हेल व फ्रेड हेझ यांनी खिडकीतील पृथ्वीच्या आधारे यानाची दिशा हाताने स्थिर ठेवली आणि जॉन स्विगर्ट यांनी मनगटावरील घड्याळावर सेकंद मोजले. १७ एप्रिल रोजी तिघेही पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले.

अधिकृत घड्याळाबरोबर खाजगी घड्याळे नेण्याची प्रथा चालूच राहिली. १९७१ मध्ये अपोलो-१५ चे प्रमुख डेव्हिड स्कॉट यांच्या ओमेगा घड्याळाची काच चंद्रावर दुसऱ्या फेरीनंतर निघून आली, म्हणून तिसऱ्या फेरीत त्यांनी स्वतःचे ब्यूलोव्हा घड्याळ बांधले. विल्यम पोग यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकावर आपले सीको घड्याळ नेले व तेथील ८४ दिवसांच्या मुक्कामात वापरले. स्टॉपवॉचची सोय असलेले पहिले स्वयंचलित घड्याळ म्हणून १९८५ मध्ये जर्मन अंतराळवीर राइनहार्ट फुरर यांनी नेलेल्या झिन घड्याळाचा उल्लेख बरीच वर्षे होत असे. पोग यांच्या घड्याळाची माहिती पुढे आल्यावर तो मान सीकोकडे गेला.

अवकाशयानफेऱ्यांच्या काळात क्वॉर्ट्झ स्फटिकावर चालणारी, अंकदर्शक घड्याळे रूढ झाली. कॅसिओ व टायमेक्स यांची स्वस्त घड्याळेही मान्यताप्राप्त ठरली. १९९८ मध्ये ओमेगाने मोठ्या आवाजाचा गजर व मोहीमकाल दाखविण्याची सोय असलेले एक्स-३३ हे घड्याळ आणले. परंतु त्यातील द्रव-स्फटिक दर्शक अतिशीत व अतिउष्ण तापमानात काम देत नसल्याने यानाबाहेरील कामासाठी किल्लीचे जुने घड्याळच मान्य राहिले. रशियन अंतराळवीरांनी १९९४ पासून स्विस फॉर्टिस घड्याळे स्वीकारली, तर १५ ऑक्टोबर २००३ रोजी यांग लिवेई व २७ सप्टेंबर २००८ रोजी यानाबाहेर पडलेले जाय जिगांग या चिनी अंतराळवीरांनी स्वदेशी फियुटा घड्याळे वापरली. सापेक्षता सिद्धांतानुसार आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरील घड्याळ सहा महिन्यांत भूपृष्ठावरील घड्याळाच्या तुलनेत सु. ०·००५ सेकंद मागे पडते. यांत्रिक मनगटी घड्याळाची एका दिवसाची चूकही यापेक्षा कित्येक पटींनी मोठी असल्याने हा फरक त्यावर दिसून येत नाही.

अपोलो मोहिमांतील घड्याळे सरकारी मालमत्ता असल्याने ती नंतर परत घेण्यात आली व त्यांपैकी पुष्कळशी स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत. स्कॉट यांचे ब्यूलोव्हा मात्र खाजगी होते. ते २०१५ मध्ये लिलावात १६ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकले गेले. ऑल्ड्रिन यांचे घड्याळ स्मिथसोनियन संस्थेकडे पाठविले असता वाटेत गहाळ झाले.