रिकाम्या महिन्यांचा पगार कोण देणार?



मुलाला नोकरी लागली असे कळले की आपल्याकडे पगाराच्याही आधी एक प्रश्न येतो : “कायम आहे का?” मुलीचा बाप हे विचारतो, घराचे कर्ज देणारी बँक विचारते आणि गावाकडचा चुलताही विचारतो. गिरणीत, कारखान्यात किंवा सरकारी कचेरीत त्याचे उत्तर एका शब्दात देता येत असे. संगणकाच्या धंद्यात ते तसे देता येत नाही. मराठवाड्यातली कितीतरी मुले-मुली पदवी घेऊन हिंजवडीची वाट धरतात आणि त्यांतल्या अनेकांच्या हाती पहिला कागद पडतो तो कंत्राटाचा. त्यावर सही करावी की कायम जागेची वाट पाहावी, याचा हिशेब कसा मांडावा एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. या धंद्यात कंत्राटाचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिल्यात मुलगा काम करतो एका कंपनीत, पण त्याचे नाव असते माणसे पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीच्या पटावर. मुले याला ‘थर्ड पार्टी पेरोल’ म्हणतात. आपल्या वाळूजच्या भाषेत तो ठेकेदाराचा कामगार. दुसऱ्यात नाव मूळ कंपनीच्याच पटावर असते, पण नेमणूक सहा महिने, वर्ष अशा ठरावीक मुदतीची असते. तिसऱ्यात तो नोकर नसतोच. तो ‘सल्लागार’ म्हणून दर महिन्याला बिल देतो. अर्थातच त्याला प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि भरपगारी रजाही नाही.

आता ‘कायम’ या शब्दाकडे पाहू. या धंद्यात कायम म्हणजे नेमणूकपत्रावर शेवटची तारीख लिहिलेली नाही, एवढेच. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपली सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ती काही ठेकेदाराची माणसे नव्हती. पुण्यातील ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने त्याविरुद्ध केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे दाद मागितली. तेव्हा कायम म्हणजे जन्माची भाकरी, ही समजूत सोडून दिलेली बरी.

मग फरक उरला कोठे? फरक काढून टाकण्याच्या किमतीत आहे. जो कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरतो, त्याची वर्षभर अखंड सेवा झाल्यावर त्याला कमी करायचे तर मालकाला नोटीस द्यावी लागते आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मोजावा लागतो. मुदतीच्या माणसाची मुदत संपली, की कायदा तिला कपात मानतच नाही. ही तरतूद १९८४ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी ग्रॅच्युइटीला पाच वर्षे लागत. नव्या संहितेने मुदतीच्या कामगाराला ती एका वर्षावर दिली आहे. हा लाभ लहान नाही.

परंतु खरा प्रश्न याच्याही खाली आहे. संगणकाचे काम प्रकल्पांनी येते. एक प्रकल्प संपतो, दुसरा सुरू होतो, आणि मधल्या दिवसांत माणूस रिकामा राहतो. त्याला या धंद्यात ‘बेंच’ म्हणतात. कायम माणूस बेंचवर बसतो तेव्हा त्याचा पगार चालू असतो. कंत्राटी माणसाचा बेंच त्याच्या घरात असतो आणि त्याला पगार नसतो. धंद्यातली मंदी मालकाच्या खात्यातून उचलून कामगाराच्या चुलीत टाकणे, हाच कंत्राटाचा गाभा होय. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार सकाळी फाटकाशी उभा राही. कायम माणूस गैरहजर असला तर काम, नसला तर परत चाळीत. मी वाळूजला कामाला लागलो तेव्हा एका कारखान्यात सात महिने भरले की आम्हाला ‘ब्रेक’ मिळे, कारण २४० दिवस भरले की कायद्याने वर्षाची सेवा ठरे. गिरणी गेली, यंत्रे बदलली, पण हे तत्त्व तेच राहिले.

हे ध्यानात घेऊन हिशेब मांडू. समजा, कायम नोकरीत हाती महिना ५०,००० रुपये पडतात आणि कंत्राटात ६०,०००. बारा महिने धरले तर कंत्राटाला वर्षाला १,२०,००० रुपये जास्त मिळतात आणि मुलगा खूष होतो. पण दोन कंत्राटांमध्ये दोन महिने रिकामे गेले, तर दोघांचेही वर्षाचे ६,००,०००च होतात. म्हणजे वीस टक्के जास्तीचा पगार ही दोन महिन्यांच्या बेकारीची आगाऊ भरलेली किंमत असते. तिसरा महिना रिकामा गेला की तोटा सुरू. त्यातून कंत्राटात भरपगारी रजा नसेल, घरच्यांचा आरोग्यविमा नसेल, तर तोही खर्च वजा करा. म्हणून माझे सांगणे असे की पगाराचा आकडा बारांनी गुणू नका, दहांनी गुणा, आणि मग तुलना करा.

कंत्राट नेहमीच वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. ज्याच्या हातात दुर्मिळ कसब आहे, ज्याच्याजवळ सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक आहे आणि ज्याच्या डोक्यावर बापाचे पीककर्ज नाही, त्याला कंत्राटात चार ठिकाणची कामे शिकता येतात. कायम जागेवर नव्वद दिवसांच्या नोटिशीने बांधून घेऊन जुन्याच कामावर गंजण्यापेक्षा ते कधीकधी बरे. अडचण अशी की कंत्राट पेलण्याची ताकद अनुभवी माणसात असते आणि ते वाट्याला येते नवशिक्याच्या.

सहीपूर्वी एवढे पाहा. नेमणूकपत्र कोणाच्या सहीचे आहे? पत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. काम मध्येच थांबले तर पगार किती दिवस चालेल? नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे काय? मूळ कंपनीने उद्या सामावून घ्यायचे म्हटले, तर ठेकेदार अडवू शकतो काय? आणि हेही लक्षात ठेवा : ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यासाठी पगाराच्या पावत्या आणि हजेरीचा पुरावा जपून ठेवा.

एकट्याने हिशेब मांडून हा प्रश्न अर्धाच सुटतो. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी, पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसासाठी शोधले. हमालाला दिवसात चार धनी असत, म्हणून त्याची जबाबदारी कोणीच घेत नसे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालक, कामगार आणि सरकार यांचे मंडळ बनले. धनी मजुरी मंडळाकडे भरतो, वर लेव्ही भरतो, आणि त्यातून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार मिळतो. धनी बदलतो, हक्क बदलत नाहीत. मंडळे दुबळी पडली, वसुली रखडली, अशाही तक्रारी आहेत. त्या आम्ही रोज मांडतो. पण तत्त्व खरे आहे.

संगणकावर काम करणाऱ्या मुलाला आपण हमालाच्या रांगेत बसवल्याचा राग येईल. त्याने तो जरूर करावा, पण मग एक विचार करावा. हमालाचे नाव मंडळाच्या वहीत आहे आणि त्याचे स्वतःचे नाव कोणाच्याच वहीत नाही. कंत्राटी अभियंत्यांसाठीही असे मंडळ व्हावे, प्रत्येक बिलामागे ठरावीक लेव्ही घ्यावी, आणि तिच्यातून रिकाम्या महिन्यांचा पगार द्यावा, ही मागणी आज कोणी करत नाही. ती कोणी आयती आणून देणार नाही. ज्यांचे महिने रिकामे जातात, त्यांनीच एकत्र येऊन ती करायची आहे.