पिल्लू नर घ्यावे की मादी?

मागच्या रविवारी शिवाजी पेठेतील एक गृहस्थ बायको-मुलीसह माझ्या दवाखान्यात आले. मुलीच्या हातात टॉवेलात गुंडाळलेले दोन महिन्यांचे पिल्लू होते. "डॉक्टर, नर म्हणून दिलंय, तेवढं बघा. मादी असली तर जिथनं आणलं तिथं सोडून येतो," गृहस्थ म्हणाले. मी पिल्लू उताणे करून पाहिले. मादी होती. मुलीने तर तिचे नाव 'मोती' ठेवलेसुद्धा होते. तिचा चेहरा उतरला.

आपल्या जिल्ह्यात म्हशीला रेडी झाली की घर खूश होते आणि रेडा झाला की सगळे गप्प बसतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र नेमके उलटे. सर्वांना नर हवा असतो. नदीकाठी, उकिरड्यावर पोत्यात आणून टाकलेली पिल्ले मी अनेकदा पाहिली आहेत. त्यांत बहुतेक माद्याच असतात. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करू.

प्रथम ओळख. नराला पोटावर बेंबीच्या थोडे मागे लघवीची जागा दिसते. मादीला ती मागच्या पायांमध्ये, शेपटीखाली असते. पिल्लू घेतानाच हे स्वतः पाहून घ्यावे.

मादी नको म्हणणाऱ्यांचे मुख्य कारण म्हणजे तिचे माजावर येणे. साधारण ६ ते १२ महिन्यांच्या वयात ती प्रथम माजावर येते व पुढे बहुधा दर सहा महिन्यांनी. हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. रक्तस्राव होतो, गल्लीतले नर दारात जमतात. लक्ष चुकले तर सुमारे ६३ दिवसांनी पिल्ले होतात. ही कटकट खरी आहे.

पण नर म्हणजे बिनघोर, असेही नाही. वयात आलेला नर खांब, दुचाकीची चाके आणि कधी घरातला सोफाही तंगडी वर करून ओला करतो. माजावरच्या मादीचा वास त्याला दुरूनही येतो. मग तो फाटक ओलांडून पळतो, मारामारी करतो, वाहनाखाली सापडतो. भटक्या माद्यांशी संबंध आल्याने जननेंद्रियावर गाठ होते. आपल्याकडे हा संसर्गजन्य कर्करोग बराच आढळतो.

या बहुतेक अडचणींवर नसबंदी हा एकच उपाय आहे. मादीची शस्त्रक्रिया साधारण सहा महिन्यांनंतर करता येते. मोठ्या जातीत थोडे थांबावे; वेळ आपल्या पशुवैद्यकाला विचारून ठरवावी. पहिल्या माजाआधी केल्यास पुढे स्तनांच्या गाठींचा धोका फार कमी होतो. न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होतो. ती पाणी खूप पिते, खाणे सोडते आणि उशीर झाला तर दगावते. मादीची शस्त्रक्रिया पोट उघडून करावी लागते, त्यामुळे नरापेक्षा खर्च जास्त येतो. पण तो एकदाच.

"मादी राखण करत नाही" हा समज चुकीचा आहे. नर अंगाने थोडा मोठा असतो, एवढेच. राखण, माया आणि शिकण्याची तयारी ही जात, आईचा स्वभाव व आपण लावलेले वळण यांवर ठरते. घरात आधी एक कुत्रे असेल तर दुसरे शक्यतो विरुद्ध लिंगाचे घ्यावे, भांडणे कमी होतात. मात्र दोघांची नसबंदी हवीच.

तेव्हा पिल्लू निवडताना आधी आई पाहा. ती माणसांवर धावून येत असेल तर विचार करा. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नका. टाळी वाजवल्यावर दचकले तरी पुन्हा जवळ येणारे, डोळे-नाक स्वच्छ असलेले, शी घट्ट असलेले पिल्लू घरासाठी चांगले.

आता सर्वांत महत्त्वाचे. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्यापासूनच होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर वाचणे जवळपास अशक्य असते. टाकून दिलेली मादी जगली तर वर्षभरात गल्लीतच विते. त्या पिल्लांना लस कोण देणार? ती उद्या आपल्याच मुलांना चावतात. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे.

म्हणून नर असो वा मादी, जंताचे औषध वेळेवर द्या. ६ ते ८ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचा. पुढे दरवर्षी रेबीजची लस चुकवू नका. कुठलेही कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि सांगितलेली सर्व इंजेक्शने पूर्ण करा.

हे सगळे त्या गृहस्थांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग खर्चाचा आकडा विचारून घेतला आणि मुलीकडे पाहून म्हणाले, "चल, घे तिला." मोती घरी गेली. तिची रेबीजची लस पुढच्या महिन्यात आहे.