विश्लेषण : गाडीच्या सायलेन्सरमधून पाणी का टपकते? काळजी कधी करावी?

थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केली, की सायलेन्सरच्या नळीतून पांढरी वाफ निघते, थेंब टपकतात आणि पार्किंगच्या फरशीवर काळपट डाग पडतो. इंजिनात पाणी शिरले की काय, या शंकेने अनेक जण थेट गॅरेज गाठतात. बहुतेक वेळा ही भीती अनाठायी असते. पण क्वचित तीच मोठ्या बिघाडाची पहिली खूण असते. फरक ओळखायचा कसा?

पाणी येते कुठून?

पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी या तिन्ही इंधनांत कार्बन आणि हायड्रोजन असतात. इंधन जळताना हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळाले, की जवळपास एक लिटर पाणी बनते. एक किलो सीएनजीपासून तर सुमारे सव्वादोन किलो, कारण त्यातील मिथेनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण जास्त असते. म्हणूनच सीएनजीच्या गाड्यांतून पाणी अधिक टपकताना दिसते.

मग ते नेहमी का दिसत नाही?

इंजिनातून हे पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. नळी थंड असेल, साधारण ५० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाची, तर गारेगार ग्लासवर बाहेरून दव जमते तसे तिच्या आत पाणी साचते. नळी तापली, की ते वाफ होऊन निघून जाते. थेंबांचा काळा रंग नळीतील काजळीचा असतो. गाडीच्या पुढच्या भागाखाली पडणारे स्वच्छ पाणी मात्र बहुधा एसीचे असते.

छोट्या फेऱ्यांचा तोटा काय?

रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली, तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही. धुरातील वायू साचलेल्या पाण्यात विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते आणि सायलेन्सर आतून गंजू लागतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो. भोक पडून आवाज वाढला, की मगच लक्षात येते.

धोक्याची खूण कोणती?

इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहणे, त्याला गोडसर वास असणे, कूलंटची पातळी वारंवार घटणे, इंजिन जास्त तापणे किंवा ऑइल दुधाळ दिसणे. अशा वेळी हेड गॅस्केटमधून कूलंट इंजिनात झिरपत असण्याची शक्यता असते. तशीच गाडी दामटली, तर इंजिनच उघडण्याची वेळ येऊ शकते. गाडी थांबवून मेकॅनिकला बोलवावे.

काय करावे?

आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग गाडी चालवावी. जागेवर नुसते इंजिन चालू ठेवल्याने सायलेन्सर नीट तापत नाही. शिवाय बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचून जिवावर बेतू शकते. काही सायलेन्सरना पाणी निघून जाण्यासाठी खाली बारीक छिद्र ठेवलेले असते. ते गळती समजून बुजवू नये. कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

थोडक्यात, सुरुवातीच्या काही मिनिटांतले पाणी इंधन जळल्याचे लक्षण आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर मात्र गॅरेज गाठायला उशीर करू नये.