मोटारीचा सायलेन्सर बदलताना

मोटारीचा आवाज मोठा म्हणजे तिची शक्ती मोठी, ही समजूत डिचोलीच्या बाजारात आणि पेडण्याच्या किनाऱ्यावर सारखीच रुजलेली आहे. कंपनीने बसविलेला सायलेन्सर काढावयाचा आणि त्या जागी रुंद तोंडाची झगझगीत नळी लावावयाची, यासाठी तरुण मंडळी हजारो रुपये आनंदाने मोजतात. त्या बदल्यात हाती काय येते, हे कळण्यासाठी इंजिन श्वास कसा सोडते ते आधी पाहिले पाहिजे.

इंजिनाचे येथे दोन प्रकार मानावयाचे. टर्बो असलेल्या इंजिनात बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवितो आणि त्या चक्राच्या बळावर आत हवा कोंबली जाते. अशा चक्राच्या पुढे नळी मोकळी असली तर फायदा होतो. स्विफ्टसारख्या मोटारीच्या साध्या पेट्रोल इंजिनात मात्र हे चक्र नाही. दट्ट्या खाली गेला की वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत शिरेल तेवढ्यावरच त्याला भागवावे लागते. टर्बोच्या मोटारींविषयी ऐकलेला सल्ला या इंजिनांना लावला जातो, आणि पुष्कळसा घोटाळा तेथेच होतो.

धूर नळीतून अखंड धारेने वाहत नाही, तो झटक्याझटक्याने निघतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला असे 100 झटके बसतात. प्रत्येक झटका वेगाने पुढे जाताना आपल्या मागे दाब किंचित कमी करून जातो. धूर सोडणारी झडप मिटत असताना आणि हवा घेणारी झडप उघडत असताना हा कमी दाब नेमका तेथे पोचला, तर सिलिंडरातला उरलासुरला धूर ओढला जातो आणि ताज्या हवेला जागा होते. म्हणजे धुराचा वेग हेच येथले भांडवल आहे. खाजनातील मानशीच्या दारातून ओहोटीचे पाणी कसे सुसाट निघते आणि पुढे रुंद पात्रात येताच कसे मंदावते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे सांगावयास नको. दोन इंची नळीच्या जागी अडीच इंची बसविली की तिचे पोट दीडपटीहून अधिक मोठे होते आणि तेवढ्याच धुराचा वेग एकतृतीयांशाहून अधिक घटतो. परिणामी, गर्दीच्या रस्त्यावर वा चढणीवर जेथे कमी फेऱ्यांतला जोर हवा असतो, तेथेच मोटार सुस्त वाटू लागते. ‘इंजिनाला मागून थोडा दाब हवाच असतो’ असे मेकॅनिक म्हणतात. ते शब्दशः खरे नाही. दाब नको, वेग हवा. परंतु नळी वाजवीपेक्षा रुंद करू नये, हा त्यांचा निष्कर्ष मात्र बरोबर आहे. दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाला दोन इंची नळी सहसा पुरते.

शिवाय ही ओढ निर्माण होते ती इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डमध्ये. मागच्या टोकाचा डबा बदलून तिच्यात फारसा फरक पडत नाही. ऐंशी-नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनाला त्या डब्यामुळे दोन-तीन अश्वशक्तींचा लाभ झाला तरी पुष्कळ म्हणावयाचे. खरा फरक पुढच्या भागात आहे. पण आजच्या बहुतेक मोटारींत तेथेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविलेला असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या साहाय्याने विषारी वायू निवळविणारे हे पात्र ‘अडथळा’ म्हणून काढून टाकण्याचा सल्ला काही गॅरेजांत दिला जातो. तो सरळ नाकारावा. त्यामुळे दुर्गंधी सुटते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटतो, धुराची तपासणी उत्तीर्ण होणे कठीण होते. आणि शेजारच्या अंगणातल्या मुलाच्या छातीत काय जाते हे तर वेगळेच.

आता आवाज. सायलेन्सर मुख्यतः दोन तऱ्हांचे. एकात कप्पे असतात आणि ध्वनीच्या लाटा परतून एकमेकींना मारतात. दुसऱ्यात भोके पाडलेली सरळ नळी असून तिच्याभोवती काचेची लोकर भरलेली असते. दुसरा प्रकार मोकळा खरा, पण ती लोकर कर्कश सूर शोषते, खर्जातला घुमारा तितकासा नाही. चार सिलिंडरांचे इंजिन 2500 फेऱ्यांवर असताना सेकंदाला सुमारे 83 ठोके पडतात. पत्रादेवीहून पणजीपर्यंत त्या एका वेगाने जाणाऱ्याच्या कानात हा घुमारा असा भरतो की मागच्या आसनावरची वृद्ध माणसे उतरल्यावर डोके धरून बसतात. म्हणून दुकानात उभ्या मोटारीचा आवाज ऐकून निवड करू नये. तसाच सायलेन्सर बसविलेल्या मोटारीत बसून, काचा लावून, हमरस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन यावे.

गोमंतकात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे गंज. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निघते. घरापासून बाजारापर्यंतच्या लहानशा फेरीत नळी पुरती तापत नाही, तेव्हा ते पाणी डब्यातच साचून त्याला आतून खाते. सकाळी नळीतून थेंब गळताना पाहून पुष्कळांना मोटार बिघडली असे वाटते. वास्तविक ते पाणी बाहेर पडते आहे हेच बरे. बाहेरून हरमल-मोरजीकडचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आपले काम करीत असतात. साधे पोलाद येथे लवकर हार खाते. स्टेनलेस स्टीलमध्येही भेद आहे : 409 जातीचे स्वस्त, पण वरून तांबूस होते, 304 जातीचे पुष्कळच टिकाऊ. खिशात लोहचुंबक न्यावा. 409 ला तो घट्ट चिकटतो, 304 ला बहुधा चिकटत नाही. नळी मूळच्यापेक्षा खाली लोंबत नाही ना, हेही वाकून पाहावे. खेड्यातले गतिरोधक आणि पावसात तुंबलेले रस्ते दया दाखवीत नाहीत. सांधेही तपासावेत. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट राहिली तर बाहेरची हवा आत शिरते, इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे असा भ्रम होतो, आणि ते विनाकारण जास्त पेट्रोल पिऊ लागते.

कायदा या बाबतीत मवाळ नाही. उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरबदल वाहनात करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गैर फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. ध्वनी व हवा यांच्या मानकांचा भंग केल्यास दंड 10000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो. वस्तीत रात्री दहानंतर ध्वनीची मर्यादा 45 डेसिबल आहे. शाळा व इस्पितळ यांभोवतीचा 100 मीटरांचा टापू शांतता क्षेत्र मानला जातो, आणि तेथे ती 40 वर येते. वर्गाच्या खिडकीखालून अशी एक मोटार गेली की शिक्षकाचे वाक्य अर्धे राहते. देवळातली आरती आणि खुरसापुढची लदीन यांचीही तीच गत.

तेव्हा ज्याचा जुना सायलेन्सर गंजून फुटला आहे, त्याने मूळच्याच मापाचा, कप्प्यांचा, चांगल्या स्टीलचा आणि मान्यतेची खूण असलेला सायलेन्सर घ्यावा. ज्याचा शाबूत आहे, त्याने तेच पैसे चांगल्या टायरांवर खर्चावेत. घाटात त्यांचा उपयोग अधिक. नवा बसविल्यावर शंभरएक किलोमीटरांनी क्लॅम्प पुन्हा आवळून घ्यावेत, कारण तापून निवून ते सैल पडतात.