डोळ्याच्या खोबणीतला दाह : स्टेरॉइड अपुरे पडते तेव्हा

डोळ्याची खोबण म्हणजे हाडाची शंकूसारखी पोकळी. प्रौढ माणसात तिचे आकारमान जेमतेम ३० घन सेंटिमीटर. नेत्रगोल, तो फिरवणारे स्नायू, चरबी आणि मेंदूकडे जाणारा दृष्टीचा चेतातंतू, सारे एवढ्याशा जागेत बसवलेले. हाड काही ताणले जात नाही. त्यामुळे आत सूज आली की डोळा पुढे ढकलला जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि चेतातंतू आवळला गेला तर नजरच जाते.

कधीकधी जंतू नसतानाही शरीराच्या प्रतिकारपेशी तिथे जमून दाह करतात. थायरॉइडच्या विकारात हे घडते. काही रोग्यांत कारण सापडतच नाही. अशा वेळी स्टेरॉइडने सूज झपाट्याने ओसरते. पण मात्रा कमी करत आणली की कित्येकांना ती पुन्हा येते. मात्रा वाढवत राहावे, तर मधुमेह, ठिसूळ हाडे, शिवाय मोतीबिंदू आणि काचबिंदू! डोळ्यासाठी घेतलेले औषध डोळ्यावरच उलटते.

येथे पहिला प्रश्न नव्या औषधाचा नसून निदानाचा आहे, असे मला वाटते. लिम्फोमा हा कर्करोगही स्टेरॉइडने काही काळ आक्रसतो आणि फसवतो. म्हणून शक्य तेथे तुकडा काढून तपासतात. निदान पक्के झाल्यावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर स्टेरॉइडचाच आधार. काहींना किरणोपचार देतात.

याहून नेमके औषध म्हणजे रिटुक्सिमॅब. हे प्रतिपिंड बी-पेशींवरील सीडी-२० या प्रथिनाला चिकटते आणि त्या पेशी नष्ट होतात. एवढा मोठा रेणू चंचुपात्रात जुळवता येत नाही. हॅमस्टरच्या पेशी टाकीत वाढवून त्यांच्याकडून तो करून घेतात. पिंपरीकरांना ही युक्ती परकी वाटू नये. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने बुरशीकडून पेनिसिलिन असेच करवून घेतले होते. आता जवळच चाकणला एन्झीन बायोसायन्सेस जैविक औषधे बनवते. रिटुक्सिमॅबची देशी आवृत्ती मात्र हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने २००७ साली आणली.

बी-पेशी गेल्या की शरीरात दडलेला हिपॅटायटिस-बीचा विषाणू जागा होऊ शकतो. म्हणून त्याची तपासणी आधी करतात, आणि आपल्याकडे क्षयाचीही. थायरॉइडच्या डोळ्यांवर हे औषध किती चालते याविषयी २०१५ सालच्या दोन लहान चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. त्या रोगासाठी टेप्रोटुमुमॅब या वेगळ्या प्रतिपिंडाला अमेरिकेत २०२० साली परवानगी मिळाली.

एक सोपी खूण शिक्षकांनी लक्षात ठेवावी. एकेक डोळा झाकून लाल वस्तू पाहायला सांगा. सुजलेल्या डोळ्याला लाल रंग फिका दिसत असेल, तर चेतातंतूवर दाब असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.