घटक ५ : इंग्रजीतील वार, ‘वीकएण्ड’ आणि ‘डेडलाइन’ : कालवाचक शब्दप्रयोगांची संदिग्धता

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• इंग्रजीतील कालवाचक शब्दप्रयोग संदिग्ध का होतात, हे सांगता येईल.
• ‘नेक्स्ट’, ‘बाय’, ‘अन्टिल’, ‘फोर्टनाइट’ यांसारख्या शब्दांचे मराठी अनुवाद तपासून पाहता येतील.
• मुदतीविषयीची सूचना निःसंदिग्ध मराठीत लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकांना नोकरी-व्यवसायात इंग्रजी पत्रे, परिपत्रके आणि ई-मेल वाचून त्यांचा आशय मराठीत सांगावा लागतो. अशा मजकुरातील अवघड शब्द शब्दकोशात सापडतात. घोटाळा होतो तो ‘नेक्स्ट’, ‘बाय’, ‘विदिन’ अशा सोप्या शब्दांचा. कारण त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे, असे आपण गृहीत धरतो. त्यांच्या आकलनात एका दिवसाचा फरक पडला, तरी अर्ज नाकारला जातो, मुलाखत हुकते किंवा अपिलाची मुदत टळते.

‘डेडलाइन’ हा शब्दच एका कठोर सीमारेषेतून आला आहे. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालीत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी वृत्तपत्रसृष्टीत हा शब्द मुदतीच्या अर्थाने रूढ झाला. रेषा नेमकी कोठे आहे, हा प्रश्न मात्र आजही प्रत्येक मुदतीबाबत विचारावा लागतो.

कालवाचक शब्दप्रयोगांमागे तीन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात : मोजणी कोठून व कोणत्या दिशेने करायची, दिवस-आठवड्याची सीमा कोठे मानायची, आणि शेवटचा दिवस मोजायचा की नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांची गृहीते वेगळी असली की संदिग्धता निर्माण होते. या तीन मुद्द्यांचा आता क्रमाने विचार करू.

५.२ मोजणी कोठून आणि कोणत्या दिशेने?

‘आज’, ‘उद्या’, ‘येथे’ अशा शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थळकाळावरून ठरतो. अशा शब्दांना दर्शक शब्द म्हणतात. ‘नेक्स्ट फ्रायडे’ हा असाच प्रयोग आहे. समजा, आज बुधवार आहे. काही इंग्रजी भाषकांच्या मते ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे सर्वांत जवळचा, परवाचा शुक्रवार. इतर अनेकांच्या मते परवाचा तो ‘धिस फ्रायडे’ आणि ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे पुढील आठवड्यातील, नऊ दिवसांनंतरचा. दोन्ही अर्थ प्रचारात असल्यामुळे व्याकरणाच्या आधारे निकाल देता येत नाही. ब्रिटिश इंग्रजीतील ‘फ्रायडे वीक’ हा प्रयोग आपल्याला अपरिचित असला, तरी तो निश्चितार्थी आहे : येत्या शुक्रवारनंतर एका आठवड्याने येणारा शुक्रवार.

मराठीतही ‘पुढच्या शुक्रवारी’ हा प्रयोग असाच डळमळीत आहे. ‘येत्या शुक्रवारी’ हा मात्र स्पष्ट आहे. ‘परवा’ हा शब्द मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस दाखवतो. पण ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांत क्रियापदाचा काळ अर्थ निश्चित करतो. ‘परवाची बैठक’ असे म्हटले की तो आधार सुटतो आणि संदिग्धता परत येते.

दिशेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘बुधवारची बैठक दोन दिवस फॉरवर्ड केली आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य ऐकून काही इंग्रजी भाषक ‘सोमवार’ म्हणतात, तर काही ‘शुक्रवार’. आपण काळातून पुढे चाललो आहोत अशी कल्पना केली, तर ‘फॉरवर्ड’ म्हणजे नंतर. काळच आपल्याकडे चालून येतो आहे अशी कल्पना केली, तर ‘फॉरवर्ड’ म्हणजे आपल्या जवळ, अर्थात आधी. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅम्स्कार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विमानप्रवास करून नुकतेच उतरलेल्या लोकांचा कल ‘शुक्रवार’ या उत्तराकडे अधिक आढळला. प्रत्यक्ष हालचालीचा अनुभवसुद्धा काळाविषयीच्या कल्पनेला वळण देतो, असा त्याचा अर्थ.

मराठीत बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे ती उशिराच होणार, यात शंका नसते. म्हणूनच मराठी वाचक ‘फॉरवर्ड’चा अर्थ ‘पुढे’ असा करून फसतो. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणे आणि ‘पुश बॅक’ म्हणजे बहुधा लांबणीवर टाकणे, हे लक्षात ठेवा. ‘पोस्टपोन’च्या विरुद्धार्थी ‘प्रीपोन’ हा शब्द भारतीय इंग्रजीत चांगला रुळला आहे आणि तो निःसंदिग्ध आहे. मात्र भारताबाहेरच्या वाचकाला तो अपरिचित असू शकतो.

५.३ दिवसाची आणि आठवड्याची सीमा

इंग्रजी व्यवहारात तारीख आणि वार मध्यरात्री बदलतात. पंचांगाच्या परंपरेत वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. बोलण्यात ही सवय अजून टिकून आहे. ‘शनिवारी रात्री दोन वाजता’ असे आपण म्हणतो, तेव्हा शनिवारचा दिवस मावळल्यानंतरची रात्र अभिप्रेत असते. घड्याळाच्या हिशेबाने तो रविवार असतो. १५ तारखेच्या ००:१० च्या गाडीचे आरक्षण असेल, तर १४ तारखेच्या रात्रीच स्थानकावर पोहोचावे लागते. ‘मिडनाइट, ३० जून’ ही मुदत ३० जून सुरू होतानाची की संपतानाची, हेही त्या शब्दांवरून कळत नाही. ‘३० जून, रात्री ११:५९’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

त्यातच प्रदेशाची भर पडते. न्यूयॉर्कमधील कार्यालयाने जानेवारीत ‘शुक्रवार, सायंकाळी ५’ ही मुदत दिली, तर भारतात तेव्हा शनिवारची पहाट, ३:३० वाजलेले असतात. मुदत कोणत्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे आहे, हे विचारून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

आठवड्याच्या सीमाही सर्वत्र सारख्या नाहीत. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो; अमेरिकी दिनदर्शिकांत सामान्यतः रविवार पहिला छापतात. ‘या आठवड्यातील रविवार’ त्यामुळे दोन वेगळ्या तारखांना येऊ शकतो. ‘वीकएण्ड’ म्हणजे शनिवार-रविवार, हेही सार्वत्रिक नाही. सौदी अरेबियात तो शुक्रवार-शनिवार असतो. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कार्यालयांसाठी शनिवार-रविवार स्वीकारला आणि शुक्रवार अर्धा दिवस ठेवला. रियाधमधील आणि दुबईतील मराठी माणसाचा ‘वीकएण्ड’ म्हणून एक नाही. ‘बाय द वीकएण्ड’ म्हणजे वीकएण्ड सुरू होण्यापूर्वी की तो संपेपर्यंत, हाही प्रश्न उरतोच.

‘वर्किंग डे’ मोजतानाही कार्यालय पाहावे लागते. भारतातील बँका १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात. तेव्हा ‘तीन वर्किंग डेज’ कोणाच्या कामकाजाचे, हे आधी ठरवावे.

५.४ शेवटचा दिवस मोजायचा का?

इंग्रजीतील ‘बाय’ आणि ‘अन्टिल’ या दोहोंसाठी मराठीत आपण ‘पर्यंत’ वापरतो. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज पाठवा’ येथे ‘बाय’ अपेक्षित आहे : कृती एकदाच घडते आणि ती त्या सीमेच्या आत केव्हाही चालते. ‘शुक्रवारपर्यंत येथे थांबा’ येथे ‘अन्टिल’ अपेक्षित आहे : स्थिती सीमेपर्यंत अखंड चालू राहते. मराठीत हा भेद क्रियापदाच्या स्वरूपावरून कळतो. इंग्रजीत तो शब्दयोगाने दाखवला जातो.

अनुवादातील खरा धोका पुढे आहे. ‘क्लोज्ड अन्टिल फ्रायडे’ असे लिहिलेले असते, तेव्हा कार्यालय सामान्यतः शुक्रवारी उघडते. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत बंद’ वाचणारा मात्र शुक्रवारीही ते बंद समजेल. येथे ‘शुक्रवारी उघडेल’ असाच अनुवाद करावा. अमेरिकी इंग्रजीतील ‘मंडे थ्रू फ्रायडे’मध्ये शुक्रवार निश्चितपणे धरलेला असतो.

मराठी मोजणीत दोन्ही टोके धरण्याची सवय आहे. शुक्रवार ते शुक्रवार आपण ‘आठ दिवस’ म्हणतो. ‘आठवडा’ या शब्दातही ‘आठ’ दडलेला आहे. तसाच ‘पंधरवडा’. इंग्रजी ‘फोर्टनाइट’ मात्र ‘चौदा रात्री’ या अर्थाच्या शब्दांपासून बनला आहे. नोटिशीतील ‘फोर्टनाइट’चा अनुवाद ‘पंधरा दिवस’ असा केला, तर वाचकाला एक दिवस अधिक मिळाल्याचा भास होतो. ‘चौदा दिवस’ हाच सुरक्षित अनुवाद होय. ‘बायवीकली’ हा शब्द आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा अशा दोन्ही अर्थांनी येतो. मराठीतील ‘पाक्षिक’ आणि ‘द्वैमासिक’ या संज्ञा त्याहून स्पष्ट आहेत.

कायद्याने ही संदिग्धता कमी करण्याचा प्रयत्न केला आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ९ नुसार केंद्रीय अधिनियमांत मुदत ‘फ्रॉम’ या शब्दाने सांगितली, की पहिला दिवस वगळला जातो. ‘टू’ या शब्दाने शेवटचा दिवस धरला जातो. ‘३ जूनपासून सात दिवस’ ही मुदत या पद्धतीने १० जूनला संपते. कलम १० नुसार शेवटच्या दिवशी न्यायालय वा कार्यालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी केलेली कृती मुदतीत मानली जाते. ही तरतूद केंद्रीय अधिनियमांखालील कामांना लागू होते. खाजगी संस्थेच्या सूचनेला ती आपोआप लागू आहे, असे समजू नये.

५.५ व्यवहारात काय करावे?

संदिग्ध सूचना आली, तर अंदाज न करता तारीख लिहूनच खात्री करून घ्या. उत्तर मिळेपर्यंत दोन अर्थांपैकी लवकरची तारीख धरून चाला. अनुवाद करताना मूळ वाक्य दोन अर्थांचे असेल, तर स्वतःच्या मनाने एक अर्थ निवडू नका. मूळ लेखकाला विचारा. स्वतः लिहिताना वार, तारीख आणि वेळ एकत्र द्या आणि महिना अक्षरांत लिहा. कारण ०३/०४ म्हणजे भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. ‘शुक्रवार, १० जुलै २०२६ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत (भारतीय प्रमाणवेळ) अर्ज कार्यालयात पोहोचले पाहिजेत’ हे वाक्य लांब आहे. पण ‘पोहोचले’ या शब्दामुळे टपालात टाकल्याची तारीख चालणार नाही, हेसुद्धा त्यात स्पष्ट होते.

५.६ सारांश

कालवाचक शब्दांचा अर्थ मोजणीचा आरंभबिंदू व दिशा, एककाची सीमा आणि शेवटच्या दिवसाचा समावेश यांवर अवलंबून असतो. ही गृहीते भाषेनुसार, प्रदेशानुसार आणि संस्थेनुसार बदलतात. अनुवादकाने ती ओळखून मराठीत उघड करावीत.

५.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘विदिन टेन डेज फ्रॉम ५ मार्च’ ही मुदत कलम ९ च्या पद्धतीने कोणत्या दिवशी संपेल?
२. ‘द लायब्ररी इज क्लोज्ड अन्टिल मंडे’ याचा निःसंदिग्ध मराठी अनुवाद करा.
३. तुमच्या कार्यालयातील किंवा परिसरातील मुदतीची एक सूचना मिळवा. तिच्यातील न बोललेली गृहीते शोधून ती नव्याने लिहा.

उत्तरे : १. १५ मार्च. २. ग्रंथालय सोमवारी उघडेल; तोवर ते बंद राहील. ३. उत्तर ५.५ मधील नमुना वाक्याशी ताडून पाहावे.